कंसातलं नाव

एका कागदावर ‘१.२०’ असा आकडा लिहिलेला आहे आणि त्याच्या डोक्यावर फक्त ‘क्षेत्र’ एवढाच शब्द आहे. किती जमीन झाली ही?

शाळेत दशांश शिकलेला माणूस म्हणेल, एक पूर्णांक दोन दशांश. गावाकडचे आजोबा म्हणतील, एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. मेट्रिक पद्धत आल्यानंतरचा तलाठी म्हणेल, एक हेक्टर वीस आर. आजोबांचं उत्तर साधारण ६०७० चौरस मीटर येतं आणि तलाठ्याचं १२००० चौरस मीटर. शाळकरी दशांश एकरात धरला, तर ४८५६ चौरस मीटर. तिघांनी आकडा बरोबर वाचला आहे, पण जमीन तीन वेगवेगळ्या आकारांची झाली आहे.

आता चौथा वाचक आणू. पायथन या संगणकी भाषेत लिहिलेली एक वेबसाइट आहे. तिच्यावर फॉर्म आहे आणि फॉर्मवर ‘क्षेत्र’ नावाची चौकट. कुणीतरी तिच्यात १.२० भरलं आणि ‘सबमिट’ दाबलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं या चौकटीला साधा दशांश आकडा, म्हणजे ‘फ्लोट’, ठरवलं असेल, तर पायथन शेवटचं शून्य टाकून देतो आणि १.२ जपून ठेवतो. उद्या हीच नोंद उघडली की पडद्यावर १.२ दिसेल. आजोबांच्या पद्धतीनं वाचलं, तर एक एकर दोन गुंठे. अठरा गुंठे जमीन गेली. लाल अक्षरात काही आलं नाही, प्रोग्रॅम कुठे थांबला नाही. उलट, ‘तुमची माहिती यशस्वीरीत्या जतन झाली आहे’ असा हिरवा संदेश आला.

चुकीचा जतन झालेला डेटा शोधून काढणं हे आज प्रोग्रॅमरचं रोजचं काम आहे. पण महाराष्ट्रात ते काम संगणकाच्या दीडशे वर्षं आधीपासून चालू आहे. ज्यांना ते करावं लागलं, त्यांनी चुका करत करत काही पद्धती शोधल्या, आणि आपण वेबसाइटी बांधायला लागलो तेव्हा त्यातली सर्वांत महत्त्वाची पद्धत विसरून गेलो. ही गोष्ट त्या विसरण्याची आहे.

प्रिंगलसाहेबाचा हिशेब

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि दख्खनचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. शेतसारा किती घ्यायचा हे ठरवायला जमीन मोजणं भाग होतं. १८२० च्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याकडे हे काम आलं. प्रिंगल हुशार होता. विलायतेत तेव्हा जमिनीच्या खंडाविषयीचा रिकार्डोचा सिद्धान्त गाजत होता आणि प्रिंगलनं तो दख्खनच्या मातीला लावायचं ठरवलं. प्रत्येक शेताचं उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारनं घ्यायचे. कागदावर हे गणित देखणं होतं.

त्या गणितात भरलेली माहितीच मात्र खोटी होती. मोजणी करणारे हाताखालचे लोक कुठे घाईनं मोजत होते, कुठे पैसे घेऊन आकडे बदलत होते. निव्वळ उत्पन्न काढायला लागणारे बारीकसारीक तपशील शेतावर जाऊन खरे मिळण्यासारखे नव्हतेच. सूत्र जितकं गुंतागुंतीचं, तितकी चूक लपायला जागा जास्त. सारा जड झाला, शेतकरी जमिनी सोडून गेले, शेतं पडीक पडली. अखेर ही पद्धत गुंडाळावी लागली.

त्यानंतर १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी नव्यानं सुरुवात केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. शेताला सर्व्हे नंबर दिला, हद्दीच्या खुणा घातल्या आणि मातीचे नऊ वर्ग केले. मातीची खोली किती, तिच्यात चुनखडी किंवा वाळूसारखे दोष कोणते, हे डोळ्यांनी दिसणारं आणि दुसऱ्यानं येऊन पुन्हा तपासता येणारं होतं. हाताखालच्यांनी मोजलेल्या शेतांपैकी काही वरिष्ठानं स्वतः पुन्हा मोजायची, हाही त्या पद्धतीचा भाग होता. १८४७ च्या ‘जॉइंट रिपोर्ट’मध्ये ही पद्धत पक्की झाली. आजही आपल्या सातबाऱ्यावर दिसणारा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर याच वंशातला.

प्रोग्रॅमरच्या भाषेत बोलायचं, तर प्रिंगलनं अशी माहिती मागितली, जी देणाऱ्याला खरी देता येत नव्हती आणि घेणाऱ्याला तपासता येत नव्हती. फॉर्ममधला पहिला बिघाड नेहमी इथं असतो, कोडच्या पहिल्या ओळीच्याही आधी.

पेन्सिल, शाई आणि कंस

मोजणीनं जमीन किती हे कळलं, पण ती कुणाची हे कळत नव्हतं. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा आला आणि १९१३ मध्ये ती व्यवस्था जमीन महसुलाच्या मुख्य कायद्यात घेतली गेली. आज महाराष्ट्रात जो नियम चालतो तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याचा.

या व्यवस्थेतली फेरफाराची वही, म्हणजे गाव नमुना ६, नीट समजून घेण्यासारखी आहे. समजा, एक खातेदार वारला. वारस तलाठ्याकडे जातात. तलाठी सातबाऱ्यावरचं जुनं नाव लगेच बदलत नाही. तो आधी फेरफाराच्या वहीत एक नवी नोंद लिहितो. तिला क्रमांक असतो, तारीख असते, काय बदलायचं आणि कशाच्या आधारावर हे लिहिलेलं असतं. हस्तलिखित काळात सातबाऱ्यावर ती नोंद फक्त पेन्सिलीनं दाखवायची, म्हणजे पाहणाऱ्याला कळावं की इथं काहीतरी चालू आहे, पण पक्कं झालेलं नाही. मग ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते. कुणी हरकत घेतली, तर ती गाव नमुना ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत चढते. हरकत निकाली निघाली किंवा आलीच नाही, की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर पेन्सिलीची शाई होते.

आणि जुनं नाव? ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहितात. सातबारा हातात घेतलेला कुणीही माणूस त्या वर्तुळातल्या क्रमांकाचं बोट धरून मागे जाऊ शकतो. हे नाव इथं कधी आलं, कुणाच्या जागी आलं, कुणी मंजूर केलं? फेरफार काढत काढत पणजोबांपर्यंत पोचता येतं. कोर्टकचेऱ्यांत अर्धी लढाई या वहीवर लढली जाते ती यामुळेच.

या व्यवस्थेनं सगळं न्याय्य केलं असं मुळीच नाही. वारस नोंदीत मुलींची नावं गाळणं किंवा विधवेला आणि बहिणींना ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकलणं हे गावोगाव झालं. सातबारा दर काही वर्षांनी नव्या वहीत उतरवून काढायचे. या पुनर्लेखनात नावं राहून गेली, क्षेत्र बदललं, ‘८’ चा ‘३’ झाला. पण चूक सापडायला वाट होती. बहिणीचं नाव गळालं असेल, तर ज्या फेरफारानं ते गळालं तो दाखवता येत होता. खोडलेल्या कागदावर तेवढंही दाखवता आलं नसतं.

सांगली परिसरात या वाटेला जास्तच वळणं आहेत. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके ब्रिटिश सातारा जिल्ह्यातले. सांगली, मिरज, जत ही संस्थानं. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. वेगवेगळ्या कचेऱ्यांत, वेगवेगळ्या सवयींनी लिहिलेली दप्तरं एका जिल्ह्याच्या फडताळात आली. आज ज्याला ‘डेटा मायग्रेशन’ म्हणतात, ते इथल्या कारकुनांनी बैठ्या मेजावर केलं.

एकाच सालची दोन अपत्यं

१९९१ च्या फेब्रुवारीत गिडो व्हान रॉसम या डच प्रोग्रॅमरनं पायथन पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. देवनागरीची तिथली मांडणी भारतीय ‘इस्की’ या मानकावर बेतलेली होती. जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा एक क्रमांक, ही युनिकोडची कल्पना.

महाराष्ट्रातली कार्यालयं मात्र पुढची अनेक वर्षं फॉन्टवर चालली. शिवाजी, श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसायचं, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरंच जायची. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथं तो फॉन्ट नसला, की गावाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. युनिकोड आलं तरी डेटाबेसची ठेवण जुनी असली, तर मराठी नाव भरल्यावर आत फक्त प्रश्नचिन्हं जायची. आधीचा कचरा निदान उलगडता येतो, कारण कुठलं अक्षर कुठे बसवलं हे ठाऊक असतं. प्रश्नचिन्हांतून नाव परत येत नाही. पायथननंही हे दुखणं भोगलं. बाइट आणि अक्षर यांची सरमिसळ २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ नं सोडवली. त्यासाठी जुने प्रोग्रॅम मोडायची किंमत दिली आणि पायथन २ चा निरोप थेट १ जानेवारी २०२० ला झाला.

याच काळात सातबारा संगणकात चढला. लाखो हस्तलिखित पानं बघून टाइप करायची म्हणजे आजवरचं सर्वांत मोठं पुनर्लेखन. चुका झाल्याच. मग हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळवायला ‘एडिट मॉड्यूल’ आलं, पुढे ‘री-एडिट’ आलं. एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही, अशा नोंदी शोधून काढणारे अहवाल आले. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा छापून लोकांसमोर ठेवायचा, वाचायचा आणि विचारायचं, बरोबर आहे का? १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

चुकीची दुरुस्ती कायद्यात कुठे बसते हेही पाहायला हवं. संहितेचं कलम १५५ लेखनातल्या चुका आणि संबंधितांनी मान्य केलेल्या चुका दुरुस्त करू देतं. पण कलम १५७ म्हणतं की प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरायची. म्हणजे टाइप करताना झालेली चूक एकदा वरच्या सहीनिशी पक्की झाली, की ती चूक आहे हे सिद्ध करायचं ओझं ज्याचं नुकसान झालं त्याच्यावर पडतं. ‘सिस्टिममध्ये असंच दिसतंय’ या वाक्याला एवढं वजन येतं ते इथून.

द्राक्षबागेचा फॉर्म

विश्रामबाग हे सांगली आणि मिरज यांच्यामधलं उपनगर. १९१९ चं विलिंग्डन कॉलेज इथलं आणि १९४७ ला सुरू झालेलं, आता वालचंद म्हणून ओळखलं जाणारं अभियांत्रिकी कॉलेजही इथलंच. थोडं बाहेर पडलं की द्राक्षबागा सुरू होतात. समजा, अशा एखाद्या कॉलेजातल्या चार मुलांनी बागायतदारांसाठी वेबसाइट बांधली. पायथन आणि जँगो वापरून. जँगो हे वेबसाइट बांधायचं साहित्य अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. मुलांच्या फॉर्मवर पाच चौकटी आहेत: नाव, गट नंबर, क्षेत्र, फळछाटणीची तारीख आणि बँक खातं. महिनाभरानं तक्रारी येतात, ‘आम्ही भरलं एक, दिसतंय भलतंच.’

तारखेपासून सुरू करू. फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपासची. शेतकऱ्यानं भरलं ०५/१०, म्हणजे ५ ऑक्टोबर. जँगोची मूळ ठेवण अमेरिकन, आधी महिना आणि मग दिवस. ती बदलली नसेल, तर १० मे जतन होतं. १५/१० भरणाऱ्याला फॉर्म अडवतो, कारण पंधरावा महिना नसतो. म्हणजे तेरा तारखेपासून पुढच्यांना चूक दिसते आणि बारा तारखेपर्यंतच्यांची चूक गुपचूप आत जाते. याची खूण डेटामध्येच सापडते. फळछाटणीच्या तारखा मे, जून, जुलैत दिसल्या आणि त्या सगळ्या दहा तारखेच्या असल्या, की कोड उघडायच्या आधीच चोर सापडला.

गट नंबर घेऊ. एकानं ‘१२/१’ मराठी अंकांत भरलं, दुसऱ्यानं तेच इंग्रजी अंकांत. पायथन मराठी अंकांतला पूर्णांक व्यवस्थित वाचते, पण गट नंबर हा मजकूर म्हणून जतन होतो आणि मजकूर म्हणून हे दोन वेगळे आहेत. शोधल्यावर एकच सापडतो. हीच यादी कुणी एक्सेलमध्ये उघडली, तर १२/१ ची तारीख होऊन बसते. हा रोग फक्त आपला नाही. माणसाच्या जनुकांच्या काही नावांना एक्सेल मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजायचं. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली.

नावात तर खास मराठी खाच आहे. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला दोन वेगळी माणसं. युनिकोडचं नेहमीचं सारखेपणा आणणारं साधन वापरलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. ते आपल्यालाच करावं लागतं. ज्यानं फक्त इंग्रजी नावांवर प्रोग्रॅम तपासला, त्याला हे जन्मात सापडणार नाही.

बँक खात्याची चौकट आकड्याची ठेवली, तर सुरुवातीची शून्यं जातात. तोच सोळा आकडी क्रमांक एक्सेलमधून फिरून आला, तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच अंक नेमके धरतं. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नव्हे, हा साधा नियम. खाते क्रमांक, गट नंबर, पिनकोड ही अंकांत लिहिलेली नावं आहेत.

आणि क्षेत्र? तिथं एक चौकट मुळातच पुरत नाही. एकर आणि गुंठे यांच्या दोन वेगळ्या चौकटी हव्यात आणि गुंठ्यांच्या चौकटीनं ३९ च्या वरचा आकडा घेऊ नये. नाहीतर हेक्टर-आर असं एकक तरी चौकटीबाहेर ठळक लिहायला हवं.

शोधायची रीत मात्र सगळ्यांना एकच. शंभर तक्रारी समोर असतील, तर एकच नोंद घ्यायची आणि तिच्या मागे चालायचं. शेतकऱ्यानं काय टाइप केलं? ब्राउझरनं काय पाठवलं? फॉर्मनं तपासून काय काढलं? डेटाबेसमध्ये काय बसलं? परत दाखवताना काय दिसलं? या पाच टप्प्यांपैकी जिथं खऱ्याचं खोटं झालं, तिथंच दुरुस्ती. पुष्कळ वेळा फॉर्म तपासून स्वच्छ केलेली माहिती बाजूला राहते आणि आलेली कच्ची माहितीच जतन होते. पुष्कळ वेळा डेटा ठीक असतो आणि दाखवणारं पान चुकतं. घाईत दाखवणाऱ्या पानावर मलम लावलं, तर आतली जखम तशीच राहते.

जे खोडलं ते

पण या पाच टप्प्यांत न सापडणारी एक चूक असते. बाप आणि मुलगा दोघांनी एकाच खात्याचा फॉर्म आपापल्या फोनवर उघडलाय. मुलानं सकाळी बँक खातं दुरुस्त करून जतन केलं. बापाच्या फोनवर कालचंच पान उघडं होतं. त्यांनी दुपारी फक्त गावाचं नाव नीट केलं आणि जतन दाबलं. जँगोचं साधं ‘सेव्ह’ सगळ्या चौकटी नव्यानं लिहितं. बापाच्या पानावरचं जुनं बँक खातं परत बसलं. दोघांनीही चूक केलेली नाही. मुलाची दुरुस्ती कुठे गेली, हे डेटाबेसला विचारलं, तर त्याला ठाऊक नाही. त्याच्याकडे फक्त शेवटचं उत्तर आहे.

विसरलेली पद्धत ती हीच. फेरफाराच्या वहीला हा प्रश्न पडला नसता. तिथं मुलाचा बदल एक नोंद असता, बापाचा दुसरी, दोन्हींवर तारीख असती आणि जुनं खातं कंसात वाचता आलं असतं. प्रोग्रॅमरांनी याला नंतर नावं दिली: बदलांचा इतिहास, ऑडिट लॉग, आवृत्ती क्रमांक. प्रत्येक नोंदीला एक आवृत्ती क्रमांक द्यायचा. जतन करताना बघायचं, पान उघडलं तेव्हाचा क्रमांक अजून तोच आहे का? नसेल, तर थांबायचं आणि माणसाला सांगायचं, मधल्या वेळात कुणीतरी बदल केलाय, पाहून घ्या. तसंच जतन झालेली जुनी किंमत वेगळ्या तक्त्यात ठेवायची, कुणी आणि कधी बदललं यासकट. जँगोमध्ये हे करायला दोन दिवस पुरतात. सुरुवातीलाच केलं तर. दहा हजार नोंदी खोडून झाल्यावर दोन वर्षं दिली तरी पुरत नाहीत.

दोन कर्जमाफ्या

नुसत्या तांत्रिक हुशारीनं हा प्रश्न का सुटत नाही, हे महाराष्ट्रानं २०१७ मध्ये पाहिलं. २४ जूनला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, ३४,०२२ कोटींचा आकडा. त्यासाठी शेतकऱ्यांनी ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. केंद्रांपुढे रांगा लागल्या, सर्व्हर अडकला, रात्री जागून फॉर्म भरले गेले. दुसरीकडून बँकांच्या याद्या आल्या. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या, तर मेळ बसेना. कुठे एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावं, कुठे खाते क्रमांक वेगळेच. १८ ऑक्टोबरला दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली, पण याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पैसे लांबले.

आधार क्रमांकाच्या शेवटच्या अंकात एक पडताळा दडलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर तो ओळखू येतो. पण बँकेच्या कारकुनानं दुसऱ्याच माणसाचा खरा क्रमांक भरला, तर पडताळा खूश असतो. फॉर्म एवढंच सांगू शकतो की हा क्रमांक क्रमांकासारखा आहे. तो याच माणसाचा आहे का, हे फक्त तो माणूस सांगू शकतो.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेनं वाट बदलली. दोन लाखांपर्यंतच्या या योजनेत शेतकऱ्यानं फॉर्म भरायचाच नव्हता. बँकांकडून माहिती घेतली, प्रत्येक खात्याला एक विशिष्ट क्रमांक दिला आणि २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लावली. शेतकऱ्यानं यादीत आपलं नाव शोधायचं, आधार घेऊन जायचं, पडद्यावरची रक्कम वाचायची आणि मान्य आहे किंवा नाही ते सांगायचं. अमान्य असेल, तर जिल्हा समितीपुढे तक्रार. ही योजनाही सर्वांपर्यंत सारखी पोचली असं कुणी म्हणणार नाही. पण ‘तुम्ही भरा, आम्ही तपासतो’ याच्या जागी ‘आमच्याकडे हे आहे, तुम्ही तपासा’ असं आलं. हे चावडी वाचनच होतं. नोटीस, हरकत आणि मगच शाई.

प्रिंगलपासून इथवर जे लोक या कामात शहाणे झाले, त्यांचं शहाणपण तीन ओळींत मावतं. देणाऱ्याला खरी देता येईल अशीच माहिती मागा. घेतलेली माहिती त्याला परत वाचून दाखवा. बदल करताना जुनं खोडू नका, त्याला कंस करा. यातल्या एकाही ओळीत संगणक नाही, आणि फॉर्म बांधताना या तिन्ही लागतात.

तुम्ही प्रोग्रॅमिंग शिकत असाल, तर पुढच्या फॉर्मला आवृत्ती क्रमांक आणि इतिहासाचा तक्ता पहिल्याच दिवशी जोडा, आणि चाचणीसाठी एखादं ‘कुऱ्हाडे’ नाव, एखादी ०५/१० तारीख आणि एखादं १.२० क्षेत्र भरून पाहा. प्रोग्रॅमिंगशी तुमचा संबंध नसेल, तर कुठल्याही केंद्रावर फॉर्म भरून झाल्यावर पावती घ्या आणि जागेवरून उठायच्या आधी ती वाचा. घरातला सातबारा काढा, वर्तुळातला एखादा क्रमांक निवडा आणि तो फेरफार मागवा. त्यात आजीचं किंवा आत्याचं नाव कुठल्या रकान्यात आहे, तेही बघा. असलंच नाही, तर ते कुठल्या नोंदीपासून दिसेनासं झालं, हे त्याच वहीत सापडेल.